ओपनकास्ट खाणीने कोळशातून निवडणारा हात काढून घेतला

प्रश्न असा विचारला गेला आहे: भूमिगत खाणी मागे पडून ओपनकास्ट, म्हणजे जमीन वरून उघडून खोदलेल्या, खाणी आल्यावर कोळसा ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याच्यावर होणाऱ्या प्रक्रियेत नेमके काय बदलले, आणि एवढे बदलूनही आपल्या वीजकेंद्रांना जाणारा बहुतेक कोळसा न धुताच का जातो? माझे काम मुख्यतः वर्धा खोऱ्यातील खाणींच्या कोळसा हाताळणी संयंत्रांत, म्हणजे ज्याला सगळे सीएचपी म्हणतात तिथे, आणि पुढे वॉशरीत, म्हणजे कोळसा धुऊन त्यातला दगड वेगळा करणाऱ्या संयंत्रात, झाले. त्यामुळे उदाहरणे चंद्रपूर, घुग्घुस आणि वणी या पट्ट्यातली अधिक येतील. झारखंडमधील झरिया, मध्य प्रदेश-उत्तर प्रदेश सीमेवरील सिंगरौली आणि ओडिशाकडे गरजेपुरते जाईन.

थोडक्यात सांगायचे तर ओपनकास्टमुळे कोळशाचे उत्पादन वाढले ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की, भूमिगत खाणीत कोळसा आणि दगड वेगळे करण्याचे बरेचसे काम खोदतानाच होत होते, ते ओपनकास्टमध्ये थांबले. त्यानंतर क्रशर, लोहचुंबक, वॉशरी, सायलो (साठवणीचे उंच कोठार) असे जे काही उभे राहिले, त्यातील बराच भाग त्या हरवलेल्या निवडीची भरपाई आहे. ही भरपाई कधीच पूर्ण झालेली नाही, आणि तिचे कारण यंत्रांपेक्षा आपल्या कोळशाच्या जडणघडणीत अधिक आहे.

जुनी पद्धत आधी पाहू. बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या, म्हणजे छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवून खोदलेल्या, भूमिगत खाणीत थराचा एक विशिष्ट भागच काढला जाई. छत टिकावे म्हणून वरचा काही कोळसा मुद्दाम ठेवला जात असे, खालची मातकट पट्टी टाळली जाई, आणि मध्ये शेलची (थराथरांच्या मातकट दगडाची) जाड पट्टी असेल तर ती तिथेच बाजूला रचून ठेवत. कोळसा फावड्याने आणि टोपलीने टबमध्ये भरणारा लोडर दगड ओळखत होता, आणि टबमध्ये दगड सापडला तर मजुरी कापली जाण्याची भीती त्याला होती. वर आल्यावर कोळसा चाळण्यांवर जाई. मोठे ढेकूळ, मध्यम माल आणि स्लॅक, म्हणजे चुरी, असे भाग पडत, आणि संथ फिरणाऱ्या पिकिंग बेल्टच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले कामगार, त्यात स्त्रिया पुष्कळ, उरलेला दगड हाताने वेचून काढत. तांदूळ निवडावेत तसे हे काम होते, आणि दिवसाला काही शे टन माल असेपर्यंत ते उत्तम चालत होते. त्या काळी ग्राहकालाही ढेकूळच हवे होते: रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना, गिरण्यांच्या बॉयलरांना आणि वीटभट्ट्यांना. चुरीला भाव नव्हता.

1971 ते 1973 या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1975 मध्ये कोल इंडिया स्थापन झाली, तेव्हा देशाचे वार्षिक उत्पादन आठ कोटी टनांच्या आसपास होते आणि त्यातील बहुतांश जमिनीखालून येत होते. 2023-24 मध्ये एकट्या कोल इंडियाने सुमारे 77 कोटी टन कोळसा काढला. त्यात भूमिगत खाणींचा वाटा अडीच कोटी टनांच्या घरात होता. याच काळात ग्राहकही बदलला. वाफेची इंजिने गेली आणि मोठी औष्णिक केंद्रे आली. वीजकेंद्राच्या मिलमध्ये कोळसा असा दळला जातो की त्याचा सुमारे 70 टक्के भाग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडावा. ज्याला पीठच करायचे आहे त्याला ढेकळाचे कौतुक असण्याचे कारण नाही. म्हणून ओपनकास्टने पद्धत बदलली असे म्हणताना, वीजकेंद्रांनी तो बदल चालवून घेतला हेही म्हटले पाहिजे. टाळी एका हाताने वाजलेली नाही.

आता ओपनकास्टच्या फेसवर, म्हणजे कोळसा प्रत्यक्ष काढला जातो त्या उघड्या कड्यावर, काय घडते ते पाहा. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर आधी काळी माती, मग चिकण माती आणि कामठी वालुकाश्म असा मोठा थर असतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींत एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर ओबी, म्हणजे वरचे आवरण, हलवणे ही सामान्य गोष्ट आहे. एवढा खर्च करून उघडलेल्या थरातला एक इंचही सोडू नये अशी व्यवस्थापनाची साहजिक भूमिका असते. त्यामुळे छत आणि तळ दोन्हीकडे शॉवेलची (खोदणाऱ्या यंत्राची) बकेट थोडी दगडात जाते. मधल्या पट्ट्यांचे तेच. ढोबळ मानाने एक मीटरपेक्षा जाड शेलची पट्टी वेगळी काढली जाते. त्याहून पातळ पट्टी पाच-दहा घनमीटरच्या बकेटने वेगळी काढणे परवडत नाही, आणि ब्लास्टिंगने सगळे एकत्र हलल्यावर तर ती दिसतही नाही.

याचा परिणाम किती होतो हे आकड्यांनी दाखवतो, कारण नवीन अभियंत्यांना हा हिशेब पटकन पटत नाही. समजा, सहा मीटर स्वच्छ कोळसा आहे, राख 30 टक्के आणि घनता दीड. त्यात 30 सेंटीमीटरच्या दोन शेलच्या पट्ट्या आहेत आणि छत व तळ मिळून आणखी 20 सेंटीमीटर शेल बकेटमध्ये येते; शेलची राख 80 टक्के आणि घनता 2.2 धरू. प्रत्येक चौरस मीटरमागे कोळसा नऊ टन आणि शेल 1.76 टन झाली. जाडीने शेल जेमतेम बारा टक्के आहे, पण वजनाने सोळा टक्क्यांहून अधिक, आणि मिश्रणाची राख 38 टक्क्यांवर जाते. जुन्या यूएचव्ही (उपयुक्त उष्णता) सूत्रात, म्हणजे 8900 मधून राख आणि आर्द्रता यांच्या बेरजेची 138 पट वजा करण्याच्या सूत्रात, आर्द्रता 8 टक्के धरून हे आकडे घातले तर उपयुक्त उष्णता सुमारे 3,650 वरून 2,500 किलोकॅलरीवर येते. म्हणजे ई दर्जाचा कोळसा एफ होतो, तोही जवळजवळ तळाचा. थर तोच, खाण तीच. फक्त काढण्याची रीत बदलली. 2012 च्या जानेवारीपासून यूएचव्हीऐवजी एकूण उष्मांकावर आधारित जी-1 ते जी-17 अशा श्रेणी आल्या. प्रत्येक श्रेणीचा पट्टा साधारण तीनशे किलोकॅलरींचा असल्याने फेसवरचा निष्काळजीपणा आता बिलात अधिक स्पष्टपणे दिसतो.

ब्लास्ट केलेल्या मालात मीटर-दीड मीटरचे बोल्डरही असतात आणि धूळही असते. म्हणून सीएचपीचे स्वरूपच पालटले. जिथे चाळणी आणि पिकिंग बेल्ट होते तिथे डंपरने थेट रिकामा करायचा हॉपर, फीडर ब्रेकर, मग दुय्यम क्रशर असा क्रम आला आणि लक्ष्य एकच राहिले: माल 100 मिलिमीटरखाली आणणे. पूर्वी 200-250 मिलिमीटरचा माल सर्रास रवाना होत असे. 2016 पासून कोल इंडियाने 100 मिलिमीटरखाली फोडलेलाच कोळसा देण्याचे धोरण घेतले. पूर्वीची प्रक्रिया आकारानुसार माल वेगळा करीत होती, आताची सगळ्यांना एका आकारात आणते. पण क्रशर दगडही फोडतो. हाताच्या पंजाएवढा दगड ओळखून काढता आला असता. तो फुटून कोळशात मिसळला की मग पाणी, मॅग्नेटाइट (पाणी जड करण्यासाठी मिसळायची लोहखनिजाची पूड) आणि घनतेचे गणित यांशिवाय तो वेगळा होत नाही. म्हणून माझे मत असे आहे की, वेगळे काढण्याची कोणतीही सोय जितकी क्रशरच्या आधी असेल तितकी ती स्वस्त पडते, आणि सीएचपीच्या आराखड्यात ही गोष्ट बहुतेक वेळा उलटी असते.

लोखंडाचा त्रास हा ओपनकास्टने दिलेला आणखी एक वारसा. शॉवेलचा तुटलेला दात, ड्रिलचा तुकडा, बोल्ट. आणि जिथे जुन्या भूमिगत कामांवरून ओपनकास्ट चालते तिथे गंजलेले रूळ, रूफ बोल्ट आणि लाकडी टेकू. जुन्या खाणीचे पिलर पुन्हा उघडताना कोळशाबरोबर लाकूड, चिखल आणि कधी कधी गरम, धुमसणारा मालही येतो. म्हणून बेल्टवर टांगलेले चुंबक आणि मेटल डिटेक्टर आता ऐच्छिक राहिलेले नाहीत. मँगनीज स्टीलचा शॉवेल-दात चुंबकाला दाद देत नाही, हे क्रशरची जबडापट्टी तुटल्यावर पुष्कळांना कळते. तिथे डिटेक्टरच उपयोगी पडतो.

पावसाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नसते आणि विदर्भात वर्षाचे चार महिने तोच मुख्य विषय असतो. भूमिगत कोळसा पावसात भिजत नव्हता. ओपनकास्टचा फेस उघडाच असतो. बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायऱ्यांवर, पाणी साचते, काळी माती घसरून कोळशात येते, आणि डंपरच्या चाकांनी मळलेला चिखल हॉपरपर्यंत पोहोचतो. ओला चुरा आणि चिकण माती यांचे मिश्रण शूटमध्ये (माल खाली सरकवणाऱ्या घसरणीत) चिकटते, स्क्रीनची भोके बुजवते आणि बेल्टच्या रोलरांवर थर धरते. अशा वेळी 25 मिलिमीटरखालची चाळणी कागदावर असते, प्रत्यक्षात नसते. वीजकेंद्रात हाच माल बंकरमध्ये अडकतो, आणि मिल उपाशी राहिल्याने बॉयलरला तेलाचा आधार द्यावा लागतो. यावरचे उपाय साधे आहेत: शूटला गुळगुळीत लायनर, खडा उतार, फेसवर पाण्याचा निचरा, आणि पावसाआधी तुलनेने कोरडा साठा करून ठेवणे. शेवटच्या उपायाला मात्र वर्धा खोऱ्यातला कोळसा सहजी तयार होत नाही. तो आर्द्र आणि लवकर तापणारा आहे. ढीग उंच केला, त्यात चुरा आणि ढेकूळ वेगवेगळे साचले आणि हवा आत शिरली, की काही आठवड्यांत धूर दिसू लागतो. म्हणून ढीग कमी उंचीचा, थरांनी दाबलेला आणि आधी आलेला माल आधी उचलला जाईल असा ठेवावा लागतो.

धुण्याकडे येतो. भारतात वॉशऱ्या आल्या त्या पोलाद उद्योगासाठी, कोकिंग कोळशाकरिता, म्हणजे ज्यापासून पोलादाच्या भट्टीसाठी कोक बनतो त्या कोळशाकरिता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला टाटांच्या वेस्ट बोकारो आणि जामाडोबा येथे, मग करगली, दुगदा, भोजुडीह, पाथरडीह अशी रांग लागली. या वॉशऱ्यांची रचना झरियाच्या वरच्या, तुलनेने सोप्या थरांच्या कोळशावर झाली होती. वरचे थर संपत गेले, खालच्या थरांचा अधिक राखेचा कोळसा आणि त्यातही ओपनकास्टचा मिश्र माल येऊ लागला, तेव्हा त्याच यंत्रांतून स्वच्छ कोळशाचे प्रमाण घसरले. चुरी वाढली. अर्ध्या मिलिमीटरखालचा माल, जो पूर्वी न धुताच मिसळून चालत होता, त्यासाठी फेन-प्लवन (बारीक कोळसा बुडबुड्यांना चिकटवून वर आणणारी) संयंत्रे बसवावी लागली; मोठ्या तुकड्यांना पुरणाऱ्या जिगऐवजी (पाण्याच्या हेलकाव्यांनी दगड खाली बसवणारे यंत्र) माल अधिक बारीक फोडून हेवी मीडियम सायक्लोनवर (जड द्रवाच्या भोवऱ्यात दगड वेगळा करणारे यंत्र) भर द्यावा लागला. ओपनकास्टने प्रक्रियेवर केलेला सर्वांत खोल परिणाम कोणता असे विचाराल तर मी झरियाकडे बोट दाखवीन. आपल्या महाराष्ट्राजवळचे उदाहरण म्हणजे पेंच-कन्हान पट्ट्यातील नंदन वॉशरी. तीही कोकिंग कोळशासाठीच उभारलेली.

वीजकेंद्रांच्या कोळशासाठी धुण्याचा विचार बऱ्याच उशिरा झाला. सप्टेंबर 1997 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली की, खाणीपासून 1,000 किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या किंवा शहरी, संवेदनशील व अतिप्रदूषित क्षेत्रांतील वीजकेंद्रांनी 34 टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरू नये. तिची अंमलबजावणी जून 2001 पासून ठरली. जानेवारी 2014 मध्ये हे अंतर टप्प्याटप्प्याने 500 किलोमीटरवर आणण्याचे ठरले. त्याआधी, 1990 च्या दशकाच्या अखेरीस, झारखंडमधील पिपरवार येथे ओपनकास्ट खाणीला जोडून वर्षाला 65 लाख टन क्षमतेची वॉशरी सुरू झाली आणि सिंगरौलीत बीना येथे दगड वेगळा करणारे संयंत्र उभे राहिले. वणी-घुग्घुस पट्ट्यात आणि छत्तीसगडमधील कोरब्याजवळ खासगी वॉशऱ्याही वाढल्या. मे 2020 मध्ये 34 टक्क्यांची सक्ती मागे घेण्यात आली, आणि आता उत्सर्जनाच्या मर्यादा व राखेचा वापर यांवर भर आहे.

सक्ती असतानाही धुणे मर्यादित का राहिले, याचे मूळ भूविज्ञानात आहे. आपला गोंडवाना कोळसा वाहत आलेल्या वनस्पतींच्या गाळातून बनला. त्यामुळे खनिज माती कोळशाच्या कणाकणांत विखुरलेली आहे. बकेटने बाहेरून आणलेली शेल धुऊन जाते, थरातली अंगभूत राख जात नाही. 34 टक्क्यांचे लक्ष्य असेल तर मोठ्या तुकड्यांतली शेल काढून, 13 मिलिमीटरखालचा माल न धुताच परत मिसळून, बहुतेक वेळा काम भागते. पण 25 टक्क्यांवर यायचे ठरवले तर कापाच्या घनतेच्या, म्हणजे ज्या घनतेवर कोळसा आणि दगड वेगळे करायचे तिच्या, आसपास एवढा माल असतो की घनतेत किंचित चूक झाली तरी चांगला कोळसा रिजेक्टमध्ये (धुऊन टाकून दिलेल्या मालात) जातो किंवा रिजेक्ट कोळशात येतो. अमेरिकेतील वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्याचे उदाहरण देऊन काही जण म्हणतात की, तिथे ओपनकास्ट कोळसा फक्त फोडून रेल्वेत भरतात, मग आपल्याला वॉशरी कशाला? तिथले थर वीस-तीस मीटर जाड, पट्ट्यांविना आणि पाच-सहा टक्के राखेचे आहेत. तिथे बकेटला निवडण्यासारखे काही नसते. सिंगरौलीचा झिंगुर्डा थर सव्वाशे मीटरहून जाड आहे, पण केवळ जाडीने स्वच्छता येत नाही.

माझा स्वतःचा कल असा आहे. चंद्रपूरचे 2,920 मेगावॅटचे केंद्र खाणींच्या कुशीत आहे आणि त्याचे बॉयलर जास्त राखेच्या कोळशासाठीच बांधलेले आहेत. तिथे कोळसा धुऊन दर शंभर टनांतून वीस-पंचवीस टन रिजेक्ट वेगळे करणे, त्याचा ढीग सांभाळणे आणि त्यातून पावसात वाहणारे काळे पाणी आवरणे याला अर्थ नाही. तिथे शेल फेसवरच टाळावी आणि दगड क्रशरआधी काढावा. याउलट कोळसा हजार किलोमीटर जाणार असेल तर 40 टक्के राखेच्या सुमारे 4,000 टनांच्या रेकमध्ये (एका मालगाडीत) 1,600 टन राख रेल्वेने वाहून नेली जाते, आणि तिथे धुण्याचा हिशेब बसतो. रिजेक्टमध्येही उष्मांक उरतो, आणि फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये तो जाळता येतो. मात्र रिजेक्टचे वजन आणि दर्जा यांची चोख नोंद नसेल तर चांगला कोळसा रिजेक्टच्या नावाने बाहेर जाण्याची वाट उघडी राहते. वॉशरीविरुद्धचा हा आक्षेप तांत्रिक नाही, पण खोटाही नाही.

निवडणारा हात काही प्रमाणात परत आणला तो सरफेस मायनरने. कोल इंडियात त्याचा वापर 1999 मध्ये ओडिशातील महानदी कोलफील्ड्सच्या लखनपूर खाणीत सुरू झाला. हे यंत्र ब्लास्टिंगशिवाय कोळसा वीस-तीस सेंटीमीटरच्या कापांनी सोलत जाते; शेलची पट्टी आली की चालक ती वेगळी कापून ओबीत टाकू शकतो, आणि निघणारा माल बहुतांश 100 मिलिमीटरखालचाच असल्याने प्राथमिक क्रशरची गरज उरत नाही. म्हणजे निवड आणि फोडणे ही दोन्ही कामे पुन्हा फेसवर गेली. मी वर दिलेल्या उदाहरणातल्या 30 सेंटीमीटरच्या पट्ट्या इथे टाळता येतात. मात्र त्यासाठी चालकाला टनाऐवजी दर्जावर मोबदला मिळाला पाहिजे. केवळ टनावर करार असेल तर पट्टीही कोळसा म्हणूनच ट्रकमध्ये पडते. शिवाय सरफेस मायनर चुरी जास्त करतो आणि त्याला लांब, सपाट, रुंद बेंच लागतात. महानदी आणि कोरब्यात ते मिळतात. आमच्या वर्धा खोऱ्यात थर तुलनेने उतरते आणि भ्रंशांनी तुटलेले असल्याने त्याचा वापर मर्यादितच राहतो.

पाणी न वापरता दगड काढण्याच्या पद्धती, म्हणजे हवेवर चालणारे जिग आणि एक्स-किरणांनी दगड ओळखून हवेच्या झोताने तो उडवणारी सॉर्टर यंत्रे, यांच्याकडे मी अधिक आशेने पाहतो. 25 ते 100 मिलिमीटरच्या मालातली मोकळी शेल काढण्यापुरती ती उत्तम आहेत. चिखल नाही, स्लरीचे तळे नाही. पण ओला, चिकट माल त्यांना चालत नाही, आणि म्हणून पावसाळ्यात ती बाजूला ठेवावी लागतात.

आता रवानगीचे पाहू. सायलोतून वजन करून काही मिनिटांत वॅगन भरण्याची व्यवस्था आल्यापासून लोडर मशीनने सायडिंगवरच्या जमिनीतून माल उचलताना होणारी माती-दगडाची भेसळ कमी झाली आहे, आणि हा फायदा राखेच्या एखाद्या टक्क्याचा असला तरी तो फुकट मिळतो. नमुना घेण्याचे काम मात्र कठीण झाले. ढेकळांच्या काळात नजरेला कळे. आता एका रेकमध्ये तीन खाणींचा माल मिसळलेला असतो आणि वरवरचा नमुना घेतला तर तो हमखास फसवतो, कारण दगड आणि चुरी वॅगनमध्ये वेगवेगळ्या जागी बसतात. वीजकेंद्र आणि कोळसा कंपनी यांच्यात श्रेणीवरून जे वाद होतात त्यातील बरेच या नमुन्यापाशी येऊन थांबतात. म्हणून त्रयस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची पद्धत आली. तुम्ही ग्राहक असाल तर प्रयोगशाळेचा अहवाल पाहण्याआधी नमुना चालत्या बेल्टच्या पूर्ण रुंदीतून घेतला की वॅगनच्या माथ्यावरून, हे विचारा. आणि खाणीचे अभियंते असाल तर बोअरहोलच्या नोंदींतून तुमच्या फेसवरच्या पट्ट्यांची जाडी काढून ती बकेटच्या मापाशेजारी लिहून ठेवा, म्हणजे वॉशरीचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी किती दगड तुम्हीच आत घालत आहात ते कळेल.